सावली बघून कापलेला उंट

डोळे मिटा बघू. घट्ट नको, आपले सहज मिटा. आता मनात एक बाग आणा. गॅलरीतल्या चार कुंड्यांची नव्हे, की कोपऱ्यावरच्या दोन झोपाळ्यांची नव्हे. चांगली ऐसपैस, मोठ्या शहराच्या पोटात असते तशी. पाच फाटकं, मधोमध तळं, तळ्यात पायांनी चालवायच्या होड्या, आणि इतके रस्ते, की एका फाटकातून आत शिरलेल्या माणसाला दुसऱ्यातून बाहेर पडेपर्यंत पुन्हा भूक लागावी. आता त्यात ऊन ओता. हात आखडू नका, भरपूर ओता. या गोष्टीत उन्हाला काम आहे. ओतलंत? मग तळ्याजवळच्या रुंद रस्त्याच्या कडेला एक उंट उभा करा. खरा नको, पानांचा. कुंपणाला लावतात तसल्या बारीक पानांच्या झुडपाला वर्षानुवर्षं कापून, वळवून केलेला. लांब मान, वर उचललेलं नाक, पाठीवर कुबड, आणि चार पायांच्या मधून पलीकडची हिरवळ दिसतेय.

दिसला? झकास. आता पुसून टाका. कारण त्या रविवारी सकाळी आजोबा नातीचा हात धरून तिथे पोचले, तेव्हा तसलं काही तिथे नव्हतं.

"हा?" नात म्हणाली. "हा उंट?"

नातीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी राहिल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. या घडीला मात्र ती उभी होती. समोर भलामोठा हिरवा गठ्ठा होता. घर बदलताना गाद्या एकावर एक रचाव्यात, वरून चादर टाकावी आणि गाठ मारायला विसरावं, तसा. त्याच्या एका टोकाला लाल फीत बांधली होती.

आजोबांनी डोळे बारीक केले. त्यांनाही हिरवं काहीतरी दिसलं. कडा मात्र दिसल्या नाहीत. हल्ली त्यांना कशाच्याच कडा दिसत नसत. पेल्याच्या नाही, पायरीच्या नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, लवकर काढून टाका, असं डॉक्टरांनी सांगून सहा महिने झाले होते, आणि ते आजोबांनी घरात कुणाच्या कानावर घातलं नव्हतं. चहा बशीत सांडला की ते म्हणत, "कपच वाकडा आहे."

"वाढलाय थोडासा," आता ते म्हणाले.

"थोडासा?" झुडपामागून आवाज आला. "काका, मी मागच्या आठवड्यात याच्या आतून दोन चेंडू आणि एक छत्री काढली."

शिडीवरून उतरून एक बाई पुढे आली. अंगावर बागेचा खाकी कोट, खिशात कात्री, केसांत पानं. हीच माळीणताई. वर्षभरापूर्वी ती या बागेत कामाला लागली होती आणि काल संध्याकाळी आजोबांना फोन तिनेच केला होता. आजोबा निवृत्त झाल्याला पाच वर्षं झाली होती. त्या पाच वर्षांत या कोपऱ्यावर चार माणसं आली नि गेली. प्रत्येकाने विजेचं मशीन घेतलं, शिडीवर चढला, आणि नाकासमोर जे दिसेल ते सपाट केलं. उंटाच्या अंगावर बसून उंट कसा दिसणार?

"बाई काय म्हणाल्या ते नीट सांग," आजोबा म्हणाले. बाई म्हणजे बागेच्या मुख्य अधिकारी. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत.

"म्हणाल्या, पाच वाजता येते. इथे खेळत असेल त्यातल्या कुठल्याही एका पोराला विचारीन, हे काय आहे. ओळखलं तर राहील. नाही ओळखलं तर उद्या मुळासकट काढायचं आणि इथे दोन बाकं टाकायची. ती लाल फीत त्याचीच."

"मी ओळखलं!" भिंगरी म्हणाली. "उंट!"

"घरचं माणूस चालणार नाही, असंही म्हणाल्यात."

"हुशार बाई आहे," आजोबा म्हणाले. पण त्यांचा हात नातीच्या हातात जरा घट्ट झाला. या झुडपाचं रोप त्यांनी स्वतः लावलं होतं, गुडघ्याएवढं. एकतीस वर्षं रोज त्याला हात लावला होता. पाच वाजायला आठ तास होते आणि त्यांना स्वतःला शिडीची पहिली पायरीसुद्धा दिसत नव्हती.

"काका, मी फोटो बघून कापायला बघते हो," माळीणताई ओशाळून म्हणाली. "फोटोत नीट दिसतं. वर चढलं की सगळं पानच पान. मान कुठे संपते नि पाठ कुठे लागते, कळतच नाही. तुम्ही कसं करत होता?"

आजोबांचा चेहरा खुलला. हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून ते पाच वर्षं थांबले होते म्हणा ना.

"मी उंटाकडे बघतच नव्हतो," ते म्हणाले. "मी त्याची सावली कापायचो."

भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं. आजोबा चेष्टा करताना भुवई उचलत. भुवई जागेवर होती.

"तिकडे उन्हात उभी राहा," आजोबा म्हणाले. "तुझी सावली केवढी आहे?"

"माझ्याहून मोठी."

"सकाळी लांब, दुपारी बुटकी. बरोबर? पण मधे एक वेळ अशी येते, की सावली आणि माणूस अगदी सारखे. तू जेवढी, सावली तेवढी. तेव्हा ती खोटं बोलत नाही. उंटाला जेवढी मान, तेवढीच जमिनीवर. जे फांदीवर कळत नाही ते जमिनीवर काळंकुट्ट दिसतं, आणि जमिनीवर शिडी लागत नाही. दिवसातून दोनदा येते ती वेळ, एकदा सकाळी नि एकदा दुपारी. अर्धाएक तास टिकते."

"मग आत्ताच करू!"

माळीणताईने खाली पाहिलं. "काका, सकाळची सावली त्या बाजूला पडते. आणि त्या बाजूला आता..."

आजोबा काठीने चाचपत पलीकडे गेले. जिथे त्यांची हिरवळ होती, टेबलावरच्या कापडासारखी सपाट, तिथे काठीला विटांची कड लागली. पुढे आणखी एक. उंच वाफे केले होते, फुलांचे. उंटाची सावली त्यांच्यावरून चढत उतरत, फुलांच्या गर्दीत कुठेतरी विरघळून गेली होती.

"फुलं छान आहेत," आजोबा म्हणाले. मग वळले. "मग दुपारची. दुपारी सावली रस्त्यावर येते. फरसबंद रस्ता, उत्तम. तीनच्या सुमाराला. तोवर भिंगरी, चल, बाग बघू."

आणि मग त्यांनी आख्खा दिवस बागेत काढला. सुट्टीचा दिवस, ऊन असं, की बाकांचं लाकूड कोमट लागत होतं. माणसं सतरंज्या पसरून बसली होती. कुणीतरी ट्रान्झिस्टर लावला होता. एक बाप पोराला सायकल शिकवत होता आणि स्वतःच जास्त धापा टाकत होता. भिंगरीने आजोबांचा हात धरला होता. म्हणजे ती पुढे पळे, हात ताणला गेला की परत येई. आजोबांना तेच बरं पडे. कुठे पायरी आहे ते नातीच्या हाताच्या हिसक्यावरून कळत होतं.

त्यांना ही बाग दोनदा दिसत होती. एकदा डोळ्यांना, धुरकट. आणि एकदा आतून, लख्ख.

"इथे वजनाचं यंत्र होतं," ते म्हणत. "नाणं टाकलं की वजन आणि भविष्य दोन्ही यायचं. मला दर वेळी परदेश प्रवास यायचा."

"गेलात?"

"पलीकडच्या फाटकापर्यंत."

तळ्याकाठी सावलीत ते जेवायला बसले. आईने डब्यात उकडलेली अंडी, लोणी लावलेला ब्रेड आणि सोललेली संत्री दिली होती, आणि निघताना दोघांनाही एकच सूचना दिली होती: टोपी काढायची नाही. होड्यांच्या तिकिटांची खिडकी समोरच होती. आता तिला निळा रंग होता. आजोबांच्या वेळी तो हिरवा होता आणि आत भिंगरीची आजी बसायची.

"उंटाला उंट केला तो तिनेच," आजोबा अंडं सोलत म्हणाले. "मी घोडा करत होतो."

"घोडा?"

"अगं हो. सहा वर्षं घोडाच होता तो. ऐटबाज. सातव्या वर्षी एका पक्षिणीने त्याच्या पाठीवर घरटं केलं. आता कापायचं कसं? म्हटलं, पिल्लं उडाली की कापू. पिल्लं उडाली, तर दुसरी जोडी आली राहायला. त्यांचं आवरेपर्यंत वर्ष गेलं. पाठीवर हा एवढा फुगवटा! मी आपला खिन्न होऊन उभा. तेवढ्यात ही बया तिकिटांची खिडकी बंद करून, डबा घेऊन जेवायला चालली होती. थांबली. म्हणाली, 'अय्या, किती छान उंट!'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, हो ना, जमलाय का?"

भिंगरी खो खो हसली. संत्र्याची फोड तिच्या नाकातून येता येता राहिली.

"बागेच्या कागदांत अजून तो घोडाच आहे," आजोबा म्हणाले. "मी कुणाला सांगितलं नाही. पुढे ती रोज तिथेच जेवायला यायची. म्हणायची, याचे पाय फार सुरेख केलेत तुम्ही. आता पडतोय की काय असं वाटतं, पण पडत नाही. म्हणून मी त्या पायांना फार जपायचो. चार पाय, मधे चार बोटांची फट, आरपार ऊन." ते थांबले. हातातलं अंडं तसंच होतं. "आज तेवढे पाय मोकळे केले ना, की झालं. पाय दिसले की कुणीही सांगेल, उंट."

भिंगरीने त्यांच्या बोटाला चिकटलेला कवचाचा तुकडा काढला. आजोबांना तो दिसला नव्हता, हे तिने पाहिलं.

अडीच वाजता ते परत आले. रस्ता सकाळी रिकामा होता, आता भरला होता. झुडपाची सावली नुकती फरशीवर पसरू लागली होती आणि इतक्या उन्हात सावली दिसल्यावर माणसं काय करणार? बसली होती. पत्त्यांचा डाव मांडून चार म्हातारे, एक पेंगणारा माणूस, एक बाळवाली बाई, एक सायकल.

"भिंगरी," आजोबा म्हणाले, "उंट रिकामा कर."

भिंगरीला असल्या कामाचं वेड. ती पत्तेवाल्यांसमोर जाऊन उभी राहिली. "आजोबा, तुम्ही आमच्या उंटाच्या पोटात बसलायत."

"कुणाच्या?"

"उंटाच्या. त्याचं आज ऑपरेशन आहे. तीन वाजता."

"मग पोरी, आम्हाला भूल द्यायची राहिली," एक म्हातारा म्हणाला. पण उठला. चौघंही उठले, पत्ते जसेच्या तसे सतरंजीत धरून, आणि उन्हातल्या बाकावर जाऊन बसले, कारण पत्त्यांपेक्षा हे बरं दिसत होतं. बाळवाली बाई पलीकडे सरकली. पेंगणारा माणूस सायकलीसकट ओढावा लागला, तो म्हणाला, "बायकोने पाठवलंय का तुला?"

तीनच्या आधी दहा मिनिटं भिंगरी सावलीच्या दिशेने डोकं करून फरशीवर उताणी झोपली. माळीणताईने खडूने तिच्या टाचांशी एक आणि डोक्याशी एक अशा दोन रेघा मारल्या. मग भिंगरी टाचांच्या रेघेवर उभी राहिली. तिच्या सावलीचं डोकं हळूहळू दुसऱ्या रेघेकडे सरकत होतं. टेकलं.

"वेळ झाली!" ती ओरडली.

माळीणताई शिडीवर चढली. तिच्या हातात लांब बांबू होता. ही आजोबांचीच युक्ती. सावलीत जिथे जास्तीची फांदी दिसेल तिथे खालच्या माणसाने पाय ठेवायचा. वरच्याने बांबू असा फिरवायचा, की बांबूच्या सावलीचं टोक त्या पायावर यावं. मग बांबू जिला टेकला असेल ती फांदी काढायची. पाय ठेवायला भिंगरी होती. आजोबांनी एका हातात फक्कीची पिशवी घेतली होती. खेळाच्या मैदानावर रेघा मारायची ती पांढरी पूड. काठी पुढे करून ते सावलीच्या कडेला उभे राहिले, कोटाची बटणं लावून.

"मान," ते म्हणाले. "मानेच्या खालून काढ. एक वीत. हं. अजून."

कात्री चालू लागली. पानं खाली पडली. भिंगरी मानेखाली पाय ठेवत गेली, बांबूचं टोक तिच्या बुटावर येत गेलं, आणि गाद्यांच्या गठ्ठ्यातून खरोखरच एक मान वर आली. बाकावरचे म्हातारे "वा वा" म्हणाले. नाक निघालं. कुबड निघालं. कुबड तर इतकं टपोरं निघालं, की एका म्हाताऱ्याने तिथे बसायची इच्छा बोलून दाखवली.

"आता पाय," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "मागचे दोन आधी. मधली फट मोकळी कर. इथे." त्यांनी काठी टेकवली आणि काठीच्या टोकाशी फक्कीची चिमूट सोडली. "इथून वरपर्यंत."

कात्री थांबली.

"काका," माळीणताई वरून म्हणाली, "खाली पानं फक्त वरवरची आहेत. आत सगळं वाळकं लाकूड आहे. कापलं तर भोक पडेल. तपकिरी. दोन वर्षं तिथे पान फुटायचं नाही."

"मला माहीत नाही का? फट तिथेच आहे. बुजली असेल वरून. काप."

"काका..."

"ते मी बघतोय ना इथे! काळी रेघ आहे पायाची. काप म्हणतो ना."

पत्तेवाल्यांपैकी एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. आजोबांची काठी ज्या जागी टेकली होती, तिथे पायाची रेघ नव्हती. तिथे सावलीच नव्हती. ती जागा सावलीच्या कडेपासून दोन पावलं बाहेर, लख्ख उन्हात होती, आणि फक्कीची पांढरी चिमूट फरशीवर एकटीच चमकत होती.

"भिंगरी, पाय ठेव," आजोबा म्हणाले.

भिंगरी हलली नाही.

"अगं, ठेव ना. वेळ चाललीय."

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही उन्हात दाखवताय."

आजोबांनी काठीचं टोक होतं तिथेच दाबून धरलं. त्यांना सावली दिसत होती. शपथेवर दिसत होती: चार पाय, मधे चार बोटं ऊन. पण मान आज दिसली होती का? की मानही त्यांनी अशीच सांगितली होती, एकतीस वर्षं रोज सांगायचे तशी, पाठ झालेली? मानेच्या वेळी नशीब बरोबर होतं, एवढंच. पायांच्या वेळी ते समोरचं काही बघतच नव्हते. डबा घेऊन उभ्या असलेल्या एका बाईला जे आवडलं होतं, ते बघत होते.

बागेतल्या नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत: आधी बघ, मग काप. कितीजणांना ओरडले असतील त्यावरून. एकाला तर त्यांनी दिवसभर कात्रीच दिली नव्हती.

"मग इथे काय आहे?" त्यांनी विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं. "मला नीट दिसत नाही, भिंगरी. तू सांग."

भिंगरी सावलीभोवती चालत गेली. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. आयुष्यात पहिल्यांदा इतकी सावकाश.

"मान आहे," ती म्हणाली. "नाक वर आहे. कुबड आहे, छान. पोट खालपर्यंत आलंय. अगदी जमिनीपर्यंत. पुढे थोडं बाहेर आलंय, घडी घातल्यासारखं. मागेही तसंच." ती थांबली. "आजोबा, पाय नाहीत असं नाही. त्याने ते दुमडून घेतलेत. तो बसलाय."

"माझा उंट कधी बसला नाही," आजोबा म्हणाले.

"आता बसलाय."

"उभा उंट कुणीही ओळखेल. बसलेला..."

"खूप वर्षं उभा होता ना तो," भिंगरी म्हणाली. "दमला असेल."

शिडीवर माळीणताई बांबू घेऊन तशीच थांबली होती. फरशीवर सावली कणाकणाने लांबत होती. आणखी दहा मिनिटांनी ती खोटं बोलू लागली असती. आजोबांनी ती चिमूट बुटाने पुसली. दोनदा पुसावी लागली, कारण पहिल्यांदा बूट चुकीच्या जागी गेला.

"ताई," ते वर बघून म्हणाले, "बसू दे त्याला. पुढचं हिला विचारून काप."

मग भिंगरी बोलत गेली आणि कात्री चालत गेली. "इथे थोडं गोल करा मावशी. गुडघा आहे तो. नाही, जास्त झालं! म्हणजे, एवढंच ठेवा." आजोबा तिच्यामागे उभे होते. त्यांनी तिला एकदाच टोकलं: "बोट दाखवून सांगू नको, पाय ठेवून सांग. तिला बोट दिसत नाही." बाकी गप्प बसले, आणि गप्प बसणं हे त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यात कष्टाचं काम होतं.

पाचला बाई आल्या. हातात वही, गळ्यात चष्मा. त्यांनी झुडपाकडे पाहिलं, पण चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. इकडेतिकडे बघून त्यांनी वाटेने चाललेला एक चारेक वर्षांचा मुलगा थांबवला. त्याच्या एका हातात अर्धं खाल्लेलं बिस्कीट होतं, दुसऱ्या हातात आईचं बोट.

"बाळ, हे काय आहे?"

मुलाने पाहिलं. भिंगरीने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले, कारण शब्द आत उड्या मारत होता. मुलगा काहीच बोलला नाही. बाईंनी वही उघडली. माळीणताईने मान खाली घातली.

मुलाने आईचं बोट सोडलं. तो झुडपापाशी गेला, टाचा वर करून त्याने ते बिस्कीट नाकाच्या दिशेने वर धरलं आणि वाट बघत उभा राहिला.

"अरे, पण आहे काय ते?" बाईंनी विचारलं.

"खातच नाही," मुलगा रडवेला होऊन म्हणाला. "उंट खातच नाही. बसूनच आहे."

पत्तेवाल्या म्हाताऱ्यांनी असा गलका केला, की तळ्यातली बदकं उडाली. बाईंनी चष्मा लावला, काढला, आणि वहीत काहीतरी लिहिलं. "पुढच्या वर्षी परत बघीन," त्या म्हणाल्या. "पण एक सांगा, आमच्या यादीत इथे घोडा आहे. तो कुठे गेला?"

"तो गेला, बाई," आजोबा म्हणाले. "फार वर्षं झाली."

बाईंनी स्वतःच्या हाताने लाल फीत सोडली आणि निघून गेल्या. बाकं रिकामी होऊ लागली. ऊन पिवळं झालं होतं. माळीणताई पानं गोळा करत होती, आजोबा फरशीच्या कडेला बसले होते, दोन्ही हात काठीवर.

"घरी गेल्यावर आईला डोळ्यांचं सांगू?" भिंगरीने विचारलं.

"मीच सांगतो," आजोबा म्हणाले. "तू फक्त शेजारी बस."

भिंगरी उंटाजवळ गेली. इतका वेळ तिने त्याची सावलीच पाहिली होती. आता जवळून त्याच्याकडे पाहिलं. आणि तेव्हा तिला ती दिसली. बाजूला, मानेच्या बुडाशी, एक कोवळी फांदी होती. ती सरळ उन्हाच्या दिशेने वाढली होती, म्हणून तिची सावली उंटाच्या सावलीतच लपली होती आणि कुणालाच दिसली नव्हती. टोकाला तीन पानं होती, इतकी नवी की अजून नीट उघडलीही नव्हती.

तिने माळीणताईच्या टोपलीतली छोटी कात्री उचलली. फांदीजवळ नेली. मग थांबली, आणि कात्री परत टोपलीत ठेवली. ती आजोबांकडे आली, त्यांना हाताला धरून उठवलं, उंटाच्या मानेपाशी आणलं, आणि त्यांचं बोट अलगद वर नेऊन त्या तीन पानांवर टेकवलं.